सभामंडप उतरवण्याआधी त्याची नोंद करा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावांतून जीर्णोद्धाराच्या बातम्या वर्षभर येत असतात. जुना लाकडी सभामंडप उतरवून त्या जागी आरसीसीचे प्रशस्त सभागृह, भूमिपूजनाचा फोटो, देणगीदारांची यादी. जुन्या मंडपाच्या वाट्याला त्यात एखादी ओळ येते: ‘सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा’ किंवा नुसतेच ‘पेशवेकालीन’. हा आकडा आला कुठून, हे बातमी देणारा विचारत नाही आणि समितीही सांगत नाही. पुढे तोच नव्या इमारतीच्या संगमरवरी फलकावर कोरला जातो आणि कायमचा होऊन बसतो. मंडप ठेवायचा की उतरवायचा, हे विश्वस्तांनी आणि गावाने ठरवायचे आहे. आमचे म्हणणे त्याआधीच्या कामाबद्दल आहे. पहिले कौल निघण्यापूर्वी मंडपाची मोजणी, फोटो आणि कागदपत्रे यांची नोंद पुरी झाली पाहिजे. ती कशी करायची हे छोट्या गावातल्या मंडळींना कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

गाभारा बहुधा कुणा एकाच्या पैशातून उभा राहतो: सरदार, सावकार, संस्थानिक. सभामंडप मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. थेऊरच्या चिंतामणीपुढचा लाकडी मंडप थोरल्या माधवरावांचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. छोट्या गावच्या मंडपाला असा एकच नावाजलेला धनी नसतो. आधीचे तीन खण (दोन खांबांमधले भाग) कुणी बांधलेले, पुढचे दोन पेठेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणीतून वाढवलेले, तक्तपोशी (आतले फळ्यांचे छत) एका घराण्याची, फरशी दुसऱ्याची. याच जागेत कीर्तने झाली, पुराणे सांगितली गेली, सप्ताह बसले, पंतोजींच्या शाळा भरल्या, भाऊबंदकीचे निवाडे झाले, १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाची व्याख्याने झाली. गावाचा सार्वजनिक इतिहास शोधायचा तर तो इथेच सापडतो, आणि पाडकामात पहिल्या दिवशी जातो तोही हाच भाग.

मंडप वाचायची सुरुवात खांबांपासून करावी. सगळे खांब एका घडणीचे आहेत का ते पाहा. सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले सुरूदार खांब, त्यांवर केळफुले आणि महिरपी, ही उत्तर पेशवाईत रूढ झालेली धाटणी. पण ती पुढे एकोणिसाव्या शतकातही गावोगावच्या सुतारांनी चालू ठेवली, त्यामुळे नुसत्या सुरूदार खांबावरून मंडप पेशवाईतला ठरत नाही. गाभाऱ्याजवळचे खांब सुरूदार आणि दाराकडचे साधे चौकोनी किंवा कडा मारलेले असतील, तर मंडप दोन टप्प्यांत झाला असे समजून पुढचा पुरावा शोधावा. दोन खांबांमधले अंतर टेपने मोजा. चार खण सारखे आणि पाचवा चार-सहा इंचांनी वेगळा निघाला, तर तिथे जोड आहे. त्या ठिकाणी वर पाहिले की तुळईचा सांधाही बहुतेक दिसतो. जोत्याचा दगड, तळखड्यांची (खांबांखालच्या दगडी बैठकींची) घडण आणि फरशीची पातळीही त्याच रेषेवर बदलत असेल, तर शंकेला जागा राहत नाही.

लाकडावरच्या हत्यारांच्या खुणा बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहाव्यात. तासणीने तासलेल्या तुळईवर उथळ, अनियमित खवले दिसतात, हातकरवतीच्या रेघा जवळपास सरळ पण कमी-जास्त अंतराच्या असतात, आणि गोल यांत्रिक करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतात. तशा रेघा दिसल्या तर ते लाकूड वखारीत यंत्रावर कापलेले, म्हणजे उशिराचे. खिळ्यांचेही तसेच. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी छेदाचा, टोकाकडे निमुळता. तारेचा कारखानी खिळा गोल आणि एकसारखा. अर्थात दुरुस्तीत नवे खिळे जुन्या लाकडात मारले जातात, म्हणून एका खिळ्यावरून निकाल देऊ नये. कुसू-खाचेच्या (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेल्या) सांध्यांजवळ सुताराने छिन्नीने मारलेल्या खुणाही अनेकदा सापडतात: एक रेघ, दोन रेघा, फुली. खाली जुळवलेले सुटे भाग वर त्याच क्रमाने बसावेत यासाठी त्या असतात. त्यांचा क्रम मध्येच तुटत असेल, तर मंडप एकदा उतरवून पुन्हा उभारलेला असू शकतो.

कौलांबद्दल एक चूक वारंवार होते. मंगलोरी कौलाच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा शिक्का आणि ‘१८६५’ हा आकडा दिसला की मंडप १८६५ चा, असे लिहिले जाते. तो आकडा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचा आहे, कौल भाजल्याचा नव्हे. पुढे अनेक वर्षे तोच शिक्का चालू होता. त्यावरून एवढेच ठरते की हे कौल १८६५ च्या आधीचे नाही. बहुतेक जुन्या मंडपांवर आधी नळीची कौले होती, मंगलोरी नंतर आली. ती बसवताना रिपांचे (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर बदलावे लागते. म्हणून वाशांवर जुन्या खिळ्यांच्या भोकांची जवळजवळची दुसरी ओळ दिसते का ते जरूर पाहावे. सिमेंटचेही असेच उपयोगी पडते. भारतात व्यापारी प्रमाणावर सिमेंट १९१४ मध्ये पोरबंदरला निघू लागले; मूळ जोत्याच्या दर्जांत (दगडांमधल्या सांध्यांत) सिमेंट असेल तर जोते तरी नवे, किंवा दर्जा तरी नव्याने भरलेल्या.

शिलालेख असल्यास त्याला तारेचा ब्रश, ॲसिड किंवा पॉलिश मशीन लावू नये. अक्षरांत खडू किंवा रंगही भरू नये, कारण भरणारा आपल्याला वाटले ते अक्षर भरतो आणि पुढच्या वाचकाला तेच दिसते. रात्री बॅटरी एका बाजूने तिरपी धरून चारही दिशांनी फोटो काढले की दिवसा न दिसणारी अक्षरे उठून येतात. तारीख बहुधा शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची तिथी पौष शुद्ध ८, शके १६८२. इथे ७८ मिळवले तर १७६० येते, आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पौष, माघ आणि फाल्गुन या महिन्यांतल्या लेखांत ही एका वर्षाची चूक हमखास होते.

लेखात संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे) नाव असेल तर पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. १६८२ मध्ये १२ मिळवले की १६९४, साठने भागून बाकी १४, आणि चौदावा संवत्सर विक्रम. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय. शक आणि संवत्सर जुळले नाहीत तर आधी आकड्याचे वाचन तपासा. झिजलेल्या दगडावर १ आणि ९, ३ आणि ६ यांची गल्लत फार होते. मोडी कागदांत सुहूर सन (मराठी दप्तरांत वापरली जाणारी वर्षगणना) अरबी शब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलते. जून ते डिसेंबरच्या नोंदीत ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या नोंदीत ६०० मिळवावे.

घंटेवरचे साल घंटेचे असते. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत लावल्या गेल्या. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. पण म्हणून १७०७ साली तिथे काही बांधले, असे कुणी म्हणणार नाही. झुंबरे, हंड्या, भिंतीवरची घड्याळे, पंख्यांच्या पात्यांवर रंगवलेली नावे, पायरीवरचे ‘अमुक यांचे स्मरणार्थ’ यांनाही हाच नियम लावावा. तरी ही नावे उतरवून घ्यायलाच हवीत. गावातल्या कोणत्या पेठेकडे कोणत्या काळी पैसा होता, हे त्यांतून कळते.

तीन शब्द मात्र फलकावर लिहिण्याआधी दहादा विचार करावा: पांडवकालीन, हेमाडपंती आणि अहिल्याबाई. हेमाद्री हा तेराव्या शतकातला देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या नावाने ओळखली जाणारी शैली म्हणजे घडीव दगड चुन्याविना एकमेकांत बसवून केलेले बांधकाम. नुसता काळा दगड दिसला की हेमाडपंती म्हणणे बरोबर नाही, आणि लाकडी सभामंडपाला तर तो शब्द लागूच होत नाही. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५ असा अठ्ठावीस वर्षांचा. त्यांनी ठिकठिकाणी केलेली कामे एवढी मोठी आहेत की पुराव्याशिवाय आणखी नावे जोडून त्यांचा मान वाढत नाही. दोन पिढ्यांपूर्वीच्या वाण्या-साळ्यांनी पदरमोड करून बांधलेला मंडप त्यांच्या नावावर घालणे हा त्या साध्या माणसांवर अन्याय आहे.

आता कागद. पहिला कागद देवस्थानाच्या कपाटातच असतो: १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी करताना दिलेला अर्ज आणि नोंदवहीचा उतारा. त्यात त्या वेळची स्थावर मालमत्ता, उत्पन्न, वहिवाटदार आणि बऱ्याचदा देवस्थानाची हकिगत असते. हा अर्ज गहाळ असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या कार्यालयातून नक्कल मागावी. नगर भूमापन झालेल्या गावात मिळकत पत्रिका आणि चौकशीच्या वेळचा नकाशा मिळतो. त्या नकाशात मंडपाची लांबी-रुंदी आजच्याशी जुळते का पाहिले की वाढीव खण कधीचा ते पुष्कळ आटोक्यात येते. देवस्थान इनामाच्या जमिनी असतील तर इनामाची सनद आणि तालुक्यातले इनामपत्रक शोधावे. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती (लेखी हकिगती) आणि जुने कागद मागवले होते. त्यासंबंधीचे दप्तर आणि पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. कागद मोडीत असतील तर वाचणारे मिळतात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ या त्यासाठी विचारपूस करण्याच्या जागा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तिथले कागद उर्दू-फारसीत आणि साल फसली (महसुली वर्षगणनेतले) असते; त्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढतात.

मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांचे खंड १८८० नंतरच्या काही वर्षांत निघाले: नाशिक १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. त्यांत छोट्या गावांच्या देवळांचीही मापे फुटांत आणि बांधणाऱ्याची नावे सापडतात. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘दोनशे वर्षांपूर्वी’ असे लिहिले असेल तर ते ग्रंथ निघाला तेव्हापासून मोजायचे, आजपासून नाही. आणि खर्च पौंडांत दिलेला असतो, दहा रुपयांना एक पौंड या हिशेबाने. पौंडांचा आकडा रुपये म्हणून उचलला की खर्च दहापटीने कमी दिसतो.

वयस्कर मंडळींना ‘कोणत्या साली’ असे विचारून फार हाती लागत नाही. ‘पानशेत फुटले त्याआधी की नंतर’, ‘कोयनेच्या भूकंपात पडझड झाली होती का’, ‘बाहत्तरच्या दुष्काळात इथे काय चालायचे’ असे विचारले की उत्तरे नेमकी येतात. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३, या तारखांच्या खुंट्या हाताशी असल्या की बांधकामाचे टप्पे त्यांत अडकवता येतात. गुरव, कीर्तनकार, पूर्वी शाकारणी करणारे आणि सुतारकाम करणारी घराणी यांना आवर्जून विचारावे, विश्वस्तांच्या घराण्यांपुरते थांबू नये.

आणि एक प्रश्न टाळू नये: या मंडपात कोण बसत असे आणि कोणाला पायरीच्या बाहेर उभे राहावे लागे? नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा केला. आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आपल्या गावचा मंडप कधी खुला झाला, कुणाच्या पुढाकाराने, कुणाच्या विरोधात, हे आठवणारी शेवटची पिढी आता नव्वदीत आहे. बहुतेक देवस्थानांच्या स्मरणिकांत या विषयावर एक अक्षरही सापडत नाही. तिथे ती नोंद नसेल तर इतिहास अर्धाच लिहिला गेला, असे आम्ही मानतो.

प्रत्यक्ष मोजणीला चार माणसे, एक ३० मीटरचा टेप, एक लहान टेप आणि आलेखाचा कागद पुरतो. आधी खांबांना नावे द्यावीत: ओळींना अ, आ, इ आणि ओळीतल्या खांबांना १, २, ३. मग प्रत्येक खोलीचे आणि मंडपाचे कर्णही मोजावेत. नुसत्या चार भिंती मोजून काढलेला नकाशा काटकोनी दिसतो, जुने मंडप बहुधा तसे नसतात. प्रत्येक खांबाचे चारही बाजूंनी फोटो, शिवाय तळखड्याचा आणि वरच्या हाताचा (तुळईला आधार देणाऱ्या लाकडी भागाचा) वेगळा, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी व खांबाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. ही चिठ्ठी राहिली की वर्षभराने चाळीस सारख्या खांबांचे फोटो निरुपयोगी होतात. तक्तपोशीचा फोटो जमिनीवर झोपून काढावा. छताच्या पोटात, आढ्याजवळ, कुणीतरी चढलेच पाहिजे. मंडपाच्या जुन्या छपराचे अवशेष तिथेच शिल्लक असतात.

‘मंडप धोकादायक झाला आहे’ हे कारण पाडण्यासाठी नेहमी दिले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे. सागवानी खांब वरून क्वचित कुजतो. कुजतो तो बुंध्याशी, आणि त्याला बहुतेक वेळा मागच्या काही दशकांतली सुधारणाच कारणीभूत असते. मूळ रचनेत खांब तळखड्यावर उभा असतो, फरशीच्या वर, पायाशी वारा लागेल असा. नंतर कुणीतरी जुन्या फरशीवर सिमेंट ओतून चकचकीत टाइल्स बसवतो. तळखडा गाडला जातो, खांबाचा पाय दोन-तीन इंच सिमेंटात बुडतो, आणि रोज मंडप धुतल्यावर पाणी त्या फटीत उतरून तिथेच राहते. वरून ऑइलपेंटचे थर असल्याने ओल बाहेर पडत नाही. टाइलला लागून रंगाला फुगे आलेले दिसतात. तिथे पातळ पेचकस दाबून पाहावा. निरोगी सागात तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतो. सहज बोटभर गेला तर आतले लाकूड गेले. हातोडीच्या दांड्याने वर वर ठोकत गेले की आवाज कुठे भरीव होतो तेही कळते, आणि बहुतेक वेळा तो हातभर उंचीच्या आतच होतो.

त्यावर इलाज आहे. तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू देऊन भार उचलायचा, कुजलेला बुंधा कापायचा, त्याच जाडीचा वाळलेला सागाचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या खाचेने जोडून लाकडी खुंट्यांनी पक्का करायचा, तळखडा मोकळा करायचा. एका वेळी एकच खांब घ्यावा. दोन शेजारचे खांब एकदम सोडवले की तुळई वाकते आणि वरची कौले सरकतात. भिंतींवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून चुन्याचा करावा: पाण्यात किमान तीन-चार आठवडे मुरलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू दोन ते तीन भाग, पातळ थरांत, आणि प्रत्येक थर आठवडाभर ओलसर ठेवून. मंगलोरी कौले दर चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. उतार कमी असेल तर वाऱ्याने पाणी उलटे चढते, तेव्हा गळतीचा दोष कौलाला देण्याआधी उतार मोजावा. पत्रा घातल्याने गळती थांबते हे खरे, पण आत उकाडा होतो, थंडीत पत्र्याच्या पोटाशी दव सुटते आणि तेच वाशांवर ठिबकते.

एवढे करूनही मंडप उतरवायचाच ठरला, तर आधी तो राज्य किंवा केंद्र शासनाच्या संरक्षित यादीत नाही ना, हे पाहावे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. गावातल्या किल्ल्यामुळे किंवा लेण्यामुळेही हा नियम देवळाला लागू होऊ शकतो. दुसरे, कोरीव हात, महिरपी आणि दारे भंगाराबरोबर वजनावर देऊ नयेत. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यात इमारतीपासून सुटा केलेला शंभर वर्षांहून जुना भागही पुरावस्तू ठरतो, आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. गावोगाव फिरून जुने लाकूड गोळा करणारे हे सांगत नाहीत. उतरवताना प्रत्येक भागावर नकाशातला क्रमांक लिहिलेली पत्र्याची चकती मारावी, यादीची नोंद विश्वस्तांच्या सभेच्या इतिवृत्तात घ्यावी, आणि लाकूड जमिनीला न टेकवता, मध्ये पट्ट्या घालून, छपराखाली रचावे. मालमत्तेतला बदल धर्मादाय कार्यालयात बदल अर्जाने कळवायचा असतो, त्याला हीच यादी जोडता येते.

नोंदीच्या तीन प्रती कराव्यात: एक देवस्थानाकडे, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात, एक तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे. फोटो पेनड्राइव्हवर दिले तरी नकाशे आणि लेखांची वाचने कागदावर छापून द्यावीत. आपल्या वृत्तपत्राच्या तालुका वार्ताहरांनी जीर्णोद्धाराची बातमी घेताना ‘जुन्या मंडपाची मोजणी झाली का, प्रत कुठे पाहायला मिळेल’ एवढा प्रश्न समितीला विचारावा, ही विनंती.

आपले,
जुन्या लाकडी बांधकामांच्या नोंदी करणारे काही वाचक